चार्जरवरचा आकडा

मोठी बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, टायरांत हवा, आणि तरीही गाडी जागची हलत नाही. दोष कुणाचा? गाडी बाई चालवत असेल तर बाईचा, हो ना? दिवा चालू ठेवला असेल, दार नीट लावलं नसेल. तुम्हीही हेच म्हणाला असतात. मास्तर तर म्हणालेच, आणि वर सही करून लिहूनही दिलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. वीज गेली तरी शहराचे फोन चालू राहायचे, ते त्या खोलीतल्या रांगांच्या जिवावर. रोज सकाळी एकेक सेल मोजायचा आणि वहीत लिहायचा. हाताखाली आलेला नवा माणूस "ठीक आहे" म्हणाला की ते खेकसत, "ठीक म्हणजे किती? आकडा बोल!" त्यावरून मास्तर हे नाव पडलं ते कायमचं. सातवीत शाळा सुटलेला माणूस, पण अडलं की इंजिनिअर लोक तळघराचा जिना उतरून त्याच्याकडे यायचे. याचा मास्तरांना माज होता. असायलाच हवा होता.

त्यांची सून घरोघरी जाणारी परिचारिका. जखमा बांधणं, इंजेक्शनं, नळ्या बदलणं. दिवसाला अकरा-बारा घरं. दवाखान्याने तिला गाडी दिली होती, पेट्रोलवर चालणारी आणि भिंतीच्या प्लगला लावून चार्जही होणारी. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. मोठी बॅटरी गाडीची चाकं फिरवते. छोटी, साध्या गाडीत असते तसलीच, डिकीच्या तळाशी पडून असते. कुलपं, दिवे, स्क्रीन तिच्यावर, आणि मोठीला जागं करणंही तिच्याचकडे. छोटीने मान टाकली की मोठी काठोकाठ भरलेली असून उपयोग शून्य.

एका महिन्यात गाडी तीनदा अडकली. तिन्ही वेळा दुपारी, पेशंटच्या दारात. स्क्रीनवर लाल-पिवळ्या खुणांची दाटी, 'हायब्रिड यंत्रणेत बिघाड' असा संदेश, आणि बटण दाबलं की आतून नुसती टकटक. दुसऱ्या गाडीवरून वायरी जोडून चालू केली की संदेश गायब, गाडी शहाण्यासारखी चालायला लागायची. तिसऱ्या वेळी एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी पाठीवरच्या जखमेच्या ओल्या पट्टीत अडीच तास वाट बघत पडली. तिच्या लेकीने तक्रार केली. बरोबरच केलं.

दवाखान्याच्या वाहनप्रमुखाने गाडी न उघडताच निदान केलं, "मॅडम दिवे चालू ठेवतात." मग त्याला आठवलं, "तुमचे सासरे बॅटरीवाले ना? त्यांनाच बघू दे की."

मास्तर खूश. लागोपाठ तीन सकाळी, सात वाजता, त्यांनी डिकी उघडून मीटर लावला. तिन्ही दिवस तेरा पूर्णांक सहा व्होल्ट. त्यांनी कागदावर लिहिलं, 'बॅटरी उत्तम. वापरात हयगय असावी.' खाली सही ठोकली आणि कागद वाहनप्रमुखाच्या टेबलावर स्वतः नेऊन दिला.

शनिवारी सुनेच्या हातात हुकूम पडला. पुढच्या आठवड्यापासून दवाखान्याच्या स्टोअरमध्ये बसायचं, घरांची फेरी दुसऱ्या परिचारिकेकडे जाणार. चौदा वर्षं ती ज्या घरांत जात होती, त्या घरांतल्या कुत्र्यांनाही तिच्या पावलांचा आवाज ओळखू येत होता. आता तिने कापसाच्या गुंडाळ्या रचायच्या.

"हयगय?" तिने पर्स ओट्यावर आपटली. "बाबा, हा शब्द तुमचा?"

"आकडा खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले.

"आकडा सकाळी सातचा! रात्रभर भिंतीला लावलेली गाडी सकाळी सातला ठणठणीतच असणार. मी अडकते दुपारी. दुपारी आलात कधी मोजायला?"

"ती वायर मोठ्या बॅटरीची. छोटीचा तिच्याशी काय संबंध?"

"नाही म्हणून कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

आतल्या खोलीतून मास्तरांच्या मुलाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आवाज आला, "मी यात नाही हं."

"तू कशातच नसतोस," दोघंही एकदम म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांचं जमलं.

मास्तर वही घेऊन बसले. तेरा पूर्णांक सहा. निवांत पडलेली, अगदी निरोगी बॅटरीसुद्धा साडेबारा-पावणेतेराच्या वर जात नाही. तेरा पूर्णांक सहा म्हणजे त्या क्षणी कुणीतरी तिला भरतंय. भिंतीची वायर लावलेली असली की गाडी मोठीबरोबर छोटीलाही भरत राहते, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते एक वेळ माफ. पण आकडा तर समोर होता! पहिल्याच सकाळी तो खटकला होता, आणि 'नव्या जातीची बॅटरी, जास्त दाखवत असेल' म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. चार्जरवरच्या बॅटरीचं ऐकू नका, असं एकतीस वर्षं दुसऱ्यांना बजावणारा हाच माणूस.

रविवारी सकाळी त्यांनी भिंतीची वायर काढायला लावली. छोट्या बॅटरीला दोन बारीक वायरी चिमट्यांनी लावल्या, डिकीच्या रबराखालून बाहेर काढल्या, डिकी हलकेच बंद केली. "कुलूप लाव. आणि चावी पार आतल्या खोलीत ठेव. जवळ असली तरी ही गाडी डोळे उघडते." मग स्टुलावर मीटर आणि खुर्चीवर स्वतः.

चार तासांनी बारा पूर्णांक एक.

"आता ये," त्यांनी हाक मारली. "पेशंटकडून बाहेर पडल्यावर करतेस ते सगळं कर. माझ्याकडे बघू नकोस."

सुनेने कुलूप उघडलं, डिकी उघडून बॅग ठेवली, आत बसली. गाडी चालू न करता नुसती स्क्रीन लावून तिने पेशंटच्या नोंदी लिहायला घेतल्या. मीटर घसरायला लागला. अकरा पूर्णांक तीन. दहा पूर्णांक सात. दहाव्या मिनिटाला नऊ पूर्णांक आठ. तिने बटण दाबलं. टकटक. स्क्रीनवर तोच बिघाडाचा संदेश.

इथे मास्तरांना पळवाट होती. गाडी बंद ठेवून स्क्रीन लावते, म्हणजे हयगयच की! शब्द ओठांवर आलाही. पण चांगली बॅटरी एवढा भार तासभर सहज ओढते, हे त्यांच्याइतकं त्या गल्लीत कुणाला कळत होतं? ही दहा मिनिटांत कोसळली. हिचा दम केव्हाच संपला होता. रोजच्या चार्जिंगने नुसता चेहरा टवटवीत दिसत होता.

"मेलेली आहे," ते म्हणाले. "मी चुकलो."

सून गाडीतच बसून राहिली. "हे मला सांगून काय उपयोग, बाबा?"

सोमवारी वायरी जोडून गाडी चालू केली, आणि मास्तर सुनेच्या शेजारी बसून दवाखान्यात गेले. वाहनप्रमुखाच्या टेबलापाशी पाच-सहा परिचारिका गाड्यांच्या चाव्यांसाठी उभ्या होत्या.

"तो कागद परत द्या," मास्तर म्हणाले. "चुकीचा आहे."

"अहो मास्तर, तुमच्याच सहीचा आहे!"

"म्हणूनच आलोय. दुसऱ्याच्या सहीचा असता तर फोन केला असता."

एक परिचारिका फिस्सकन हसली. वाहनप्रमुखाने रविवारचे आकडे वाचले, कान खाजवला. "बरं, बॅटरी बदलून टाकू. विषय संपला."

"बॅटरीचा संपला. हयगयचा राहिला. तो शब्द फायलीतून निघेपर्यंत मी इथून हलत नाही."

"वय झालं, मास्तर. होतं असं."

"वयाचा काही संबंध नाही. दिसत होतं, तरी बघितलं नाही." हे ते सगळ्यांसमोर, एक्स्चेंजमध्ये खेकसायचे त्याच आवाजात म्हणाले. मग तिथेच उभ्याने, जुन्याच्या जागी फायलीत लावायला, नवा कागद लिहिला. 'मोजणी चुकीच्या वेळी केली. बॅटरी निकामी. चालकाची चूक नाही. चूक माझी.' सही.

दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी बदलीचा हुकूम थांबवला. रद्द नाही केला. "महिनाभर बघू" म्हणाल्या. बॅटरी दुपारच्या आत बदलून झाली. मग सून थेट त्या पाठीच्या जखमेवाल्या म्हातारीकडे गेली. मास्तर गाडीतच थांबले. ती परत येऊन नोंदी लिहायला बसली, स्क्रीन लावली, आणि बाहेर बघत म्हणाली, "यापुढे माझ्या गाडीची डिकी मला विचारून उघडायची."

"विचारीन," मास्तर म्हणाले. नोंदी संपल्या, तिने बटण दाबलं, गाडी निघाली.

तुमच्याही हातचा असा एखादा कागद कुठल्यातरी फायलीत कुणाच्यातरी नावावर पडलेला असेल. घरी बसून हळहळू नका. ज्या टेबलावर तो दिलात तिथेच जा, लोक उभे असताना जा, आणि परत घ्या. उद्याच जा.