म्हशीच्या दावणीतल्या दुर्वा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नुकतीच सून. लातूरहून नायगावजवळच्या सासरी आले ती अशा तोऱ्यात, की कलेक्टर कचेरी जणू माझ्याच रुखवतात मांडली होती. सासरे मला 'जिल्हा' म्हणूनच हाक मारत. "जिल्हा, पाणी आण." मला तो मान वाटे. एवढी अक्कल.

त्या साली पाऊस आलाच नाही. कडब्याची गंजी बुडाला लागली. दारात एकच म्हैस, तीही गाभण. हिरवं मिळालं नाही तर येत्या बाजारी तिला धर्माबादला नेणार, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं. सासूबाईंनी ती लहानपणापासून वाढवलेली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

हिरवं उरलं होतं ते फक्त शेजारच्या मोसंबीच्या बागेत. विहिरीच्या पाण्यावर झाडांच्या आळ्यांत हराळी माजलेली. बागवाल्या काकांचा रिवाज सरळ होता: खुरपून मुळासकट तण काढा, तण तुमचं. त्यांची खुरपणी वाचे, आपलं जनावर जगे.

सासूबाईंचा गुडघा धरलेला, म्हणून मी जायला लागले. मी आणलेलं ओझं म्हैस हुंगायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं, खेड्यातली म्हैस, नखरे करते. मग एके सकाळी काकाच दारात आले. म्हणाले, सूनबाई कडू-काटेरी तेवढं उपटते आणि हराळी तशीच ठेवते. उद्यापासून पाठवू नका.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान ताठ करून म्हटलं, "त्या दुर्वा आहेत. देवाला वाहतात. म्हशीला कशा घालायच्या?"

काकांनी टोपी सारखी केली आणि दुसरीकडं बघितलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"गणपती एक जुडी घेतो अन् गप बसतो. हिच्या पोटात जीव हाय, बाई. त्याला राग आला तर माझं नाव सांग."

मग काकांना विनवून त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि लंगडत माझ्यासोबत बागेत आल्या. मी आधी एक जुडी खुडून पदराच्या गाठीला बांधली, मग खुरपं रोवलं. हराळीची मुळं म्हणजे माझ्यासारखीच चिवट. संध्याकाळी जुडी देवळीतल्या गणपतीपुढं, बाकीचं ओझं दावणीत. म्हैस मान वर न करता खात राहिली. काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच बोलावणं धाडलं.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. पुढं म्हैस व्याली, वगार झाली. सासरे त्या वगारीलाच 'जिल्हा' म्हणू लागले, आणि मला सूनबाई.