पदराखालचे तीन दांडे

आधीच सांगते, मी गाडी चालवली असं मी म्हणणार नाही. अर्धी चालवली. पण ती अर्धी अशी होती की तिच्यावाचून उरलेली अर्धी जागची हलली नसती. नातवंडं हसतात, "आजी, तू आणि जीप?" म्हणतात. हसा मेल्यांनो! तुमच्या आज्याची नोकरी ज्या हातानं टिकवली तो हा हात. डावा.

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतल्या जुन्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. राजूरच्या एका हिरड्याच्या व्यापाऱ्यानं त्यातली एक जीप घेतली. डोंगरातल्या वाड्यांवरून हिरड्याची पोती खाली आणायची आणि वर मीठ-रॉकेल पोचवायचं, हे तिचं काम. तिथं लॉरी चढत नव्हती. आमचे हे छावणीतच ड्रायव्हर होते, त्या गाडीची नस न् नस यांना ठाऊक. शेठनं गाडीबरोबर यांनाही उचललं. गोदामामागची एक खोली राहायला दिली. नोकरी तिथं खोली, आणि नोकरी गेली की खोलीही गेली, असा तो मामला.

त्या गाडीचं सगळंच उलटं होतं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हिच्यात डावीकडे. दारं नाहीत. पुढची काच आडवी पाडता येई. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, म्हणजे पेट्रोल भरायचं तर आधी ड्रायव्हरसाहेबांनी उठायचं! पुढचे दिवे फिरवून आत वळवले की उजेड रस्त्यावर न पडता इंजिनावर पडे. यांना त्या दिव्यांचं एवढं कौतुक की घरी कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी दिवे दाखवायला घेऊन जात. मी म्हणे, "सवत आणलीत ती आणलीत, निदान तिची आरती तरी करू नका."

आणि त्याच सवतीनं यांचा हात मोडला. दिवाळीत शेठ दीड-दोन महिन्यांसाठी गावी गेले होते. गाडी बरेच दिवस उभी, बॅटरी उतरलेली. हे पुढून हँडल मारून इंजिन सुरू करायला गेले. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही, हे छावणीत नव्या पोरांना यांनीच शिकवलेलं. त्या दिवशी स्वतःच विसरले. इंजिन उलटं फिरलं, हँडलनं फटका दिला, आणि उजवं मनगट कटकन मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. कामट्या सुटल्या तेव्हा हात सरळ होता, पण बोटं मिटायचं नाव घेईनात. भाकरीचा तुकडा मोडता येईना.

आणि त्या गाडीत उजव्या हातालाच सगळं काम. मधोमध तीन दांडे. मोठा गिअरचा. त्याच्या शेजारी दोन बुटके, एक पुढच्या चाकांना जोर लावायचा, दुसरा गाडी हळू पण ताकदीनं चालवायचा. हातब्रेकही मधेच, ओढायचा. सपाटीवर यांनी डावा हात आडवा घालून कसंबसं निभावलं असतं. पण घाटात स्टिअरिंगचं चाक सोडून डावा हात तिकडं नेला की गाडी दरीत.

हे उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "डायवरचा हात गेला म्हंजी काय ऱ्हायलं गं? शेठ आला की पयला हिशेब माजाच. चल, बांध बोचकं."

मला असा राग आला! म्हटलं, "बोचकं बांधायला मी न्हाई आले राजूरला. माझं दोन हात हायेत की. त्यातला एक घ्या."

"म्हंजी?"

"तुमच्या उजव्या अंगाला कोन बसतं? कोनी न्हाई. मी बसते. चाक नि पायातलं तुमी बगा. दांडं मी बगते."

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मी हसू दिलं.

बाजरीच्या पोत्यात मी लाटणं रोवलं, हा मोठा दांडा. पळी आणि उलथनं, हे दोन बुटके. हे पाटावर बसून पायाखाली वीट घेत, ती क्लच. "दाबला!" म्हणाले की मी लाटणं हलवायचं. पहिला, त्यांच्याकडं ढकलून मागं. दुसरा, माझ्याकडं घेऊन पुढं. तिसरा, तिथूनच सरळ मागं. बुटक्यांची तऱ्हा न्यारी. पुढच्या चाकांचा दांडा आधी ओढल्याशिवाय हळूचा पडतच नाही. मोठ्या सुनेनं चूल पेटवल्याशिवाय धाकटीनं तवा ठेवायचा नाही, तसं. हे म्हणाले, "हे छावणीत शिकवायला आठ दीस लागायचं." मला दोन लागले. मग रिकाम्या माळावर खरी गाडी. पहिल्या दिवशी गिअरनं असा आवाज काढला की झाडावरचे कावळे उठले. पंधरा दिवसांत तो आवाज बंद झाला.

शेठ परत आले. त्यांना यांनी सांगितलं, डोंगरातल्या बाया हिरडा घेऊन येतात, त्यांच्याशी बोलायला बाई बरोबर असलेली बरी. शेठला पटलं. खोटं नव्हतंच ते. बाया माझ्याशी मोकळेपणानं बोलत. मी पुढं बसले. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन डाव्या अंगानं लांब सोडायचा, तो दांड्यांवर पसरायचा आणि हात त्याखाली. बघणाऱ्याला वाटावं, बाई पदर सावरून बसली आहे.

लोकांना मात्र वेगळंच दिसलं. त्या काळी बाई नवऱ्याच्या चार पावलं मागून चाले. ही मात्र भर बाजारातून नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून, गाडीत, पुढं! आणि पदराखाली हात कुठं असतो म्हणे, देव जाणे! विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. एक म्हातारी तर माझ्या तोंडावर म्हणाली, "लाज कोळून प्यालीस का गं, नगरवाले?" माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिनं जन्मभर लक्षात ठेवलं असतं असं उत्तर. पण उत्तर देणं म्हणजे यांचा हात चव्हाट्यावर मांडणं. मी घागर उचलली आणि घरी येऊन भांडी आपटली. यांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण त्यांना कळत असणार. बाजार जवळ आला की ते मान खाली घालत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

बाकी गाडी मात्र अशी चालायची! सुरुवातीला हे तोंडानं सांगत, "दोन... आता एक." पुढं सांगायची गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की माझा हात आपोआप दांड्यावर, आणि त्याच क्षणी यांचा पाय क्लचवर. कोण आधी, कोण नंतर, आम्हालाही सांगता आलं नसतं. डाव्या हाताला आपल्याकडं कोणी मान देत नाही. प्रसाद घेतला डाव्या हातात, तर आई फटका मारायची. तो हात आता भरली गाडी डोंगर चढवत होता. मला त्याचा असा अभिमान वाटे की रात्री मी त्याला उजव्याच्या आधी तेल लावत असे.

होळीच्या सुमाराला कोणीतरी शेठच्या कानाला लागलं. तुमच्या पेट्रोलवर ड्रायव्हर बायकोला मिरवतो म्हणून. बाजाराच्या दिवशी सकाळी शेठ उपरणं सावरत गाडीपाशी आले. म्हणाले, "आज मीही येतो वर. बाई, तुम्ही मागं बसा."

 यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी मागं मिठाच्या पोत्यावर बसले.

सपाटीवर यांनी चाक मोडक्या मनगटानं दाबून धरलं आणि डावा हात आडवा टाकत गिअर बदलले. शेठनं एकदा वळून पाहिलं. पहिले दोन चढ गेले. शेवटची चढण मोठी होती, सुट्या दगडांची, एका अंगाला दरी. तिथं थांबून आधी पुढची चाकं जोडायची, मग हळूचा दांडा टाकायचा, हा आमचा रोजचा नेम. आज हे थांबले नाहीत. थांबलं तर हातब्रेक ओढावा लागेल, आणि तो ओढणार कोण? तशीच रेटली. निम्म्यावर इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं.

गाडी वीतभर मागं सरली. यांनी पायाचा ब्रेक दाबला, पण दगड सुटे, चाकं घसरतच होती. शेठ ओरडले, "हातब्रेक! अरे हातब्रेक ओढ!"

यांनी उजवा हात पुढं केला. बोटं हातब्रेकवर नुसती टेकली. मिटेनात.

मी दोघांच्या मधून पुढं झेपावले. सवयीनं पदर हातावर ओढायला गेले आणि मग म्हटलं, मरू दे तो पदर! हातब्रेक खेचला. गाडी थांबली. "क्लच दाबा!" पुढच्या चाकांचा दांडा ओढला, हळूचा ढकलला, गिअर पहिल्यात. "हं, चालू करा!" यांनी पायानं बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. आवाज भरला तशी मी हातब्रेक सोडला, आणि आमची गाडी, दगडांना न जुमानता, एक एक पाऊल टाकत चढण चढून गेली. माझं डोकं उघडं, केस सुटलेले, आणि शेठ दोन्ही हातांनी बैठक धरून बसलेले.

वर पोचल्यावर शेठ उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. हे उतरून उभे राहिले आणि तो हात पुढं करून म्हणाले, "दिवाळीत हँडलनं मोडला, शेठ. तवापासून दांडं ही टाकतीया. म्या लपवलं. गुन्हा माजा हाय."

शेठनं हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "इतके महिने? भरली गाडी?"

"व्हय," मी म्हटलं. "एक पोतं सांडलं असंल तर सांगा."

 मीठ उतरलं, हिरडा चढला. निघताना ते स्वतःच मागं जाऊन पोत्यांवर बसले. म्हणाले, "बाई, पुढं बसा. मला जिवंत घरी जायचंय. आणि उद्या संगमनेरला खेप आहे, दोघंही वेळेवर या."

मी पुढं बसले. हिरड्याच्या पोत्यांवर शेठ, पुढं आम्ही, अशी ती वरात भर बाजारात शिरली. सगळी मंडळी बघायला. ती विहिरीवरची म्हातारीही भाजीच्या वाट्यापाशी उभी. कोणीतरी टोपी मागं सारत ओरडलं, "काय डायवर, शेठ मागं आन् बायको पुढं? लई लाडाची दिसती!"

माझा हात सवयीनं पदराकडं गेला. एवढ्यात यांनी ब्रेक दाबला. गाडी बरोबर बाजाराच्या मध्यावर उभी राहिली. हे उठून उभे राहिले आणि उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. छावणीतला एक नंबरचा ड्रायव्हर म्हणून मिरवणारा माणूस तो. जो हात त्यांनी चार महिने माझ्या अब्रूआड दडवला होता, तो त्यांनी भर बाजारात दाखवला.

"बगा," ते म्हणाले. "हा हात मिटत न्हाई. माज्याच्यानं एक गिअर पडत न्हाई. दिवाळीपास्नं ही गाडी हिच्या हातावर डोंगर चढतीया. माजी नोकरी ऱ्हावी म्हनून हिनं तुमचं समदं ऐकून घेतलं. आता कुनाला काय बोलायचं ते मला बोला."

विहिरीवरची म्हातारी खाली वाकून भाजी निवडू लागली. माझे डोळे भरून आले होते, पण तिथं रडायला मी काय वेडी होते?

"बसा खाली," मी म्हटलं. "क्लच दाबा."

ते बसले. मी पदर ओढून कमरेला खोचला, डावा हात सगळ्यांच्या देखत दांड्यावर ठेवला आणि पहिला गिअर टाकला. जरासुद्धा आवाज झाला नाही.