किल्ली माझ्या खिशात होती

माझे सासरे हयात असताना माझ्याशी फारसे बोलले नाहीत. वारल्यावर अकराव्या महिन्यात मात्र ते माझ्यासमोर खोकले.

त्यांची गोल दिव्यांची जुनी गाडी विचुंब्याला आमच्या अंगणात बंद पडून होती. मेहुणा ती भंगारात द्यायला निघाला आणि सासूबाईंचे डोळे भरले. ते पाहून मी बोलून बसलो, की इंजिन मी घरीच उघडून बांधतो, वर्षश्राद्धाला आई याच गाडीतून जातील. (यापूर्वी मी फक्त मिक्सर उघडला होता. तो अजून उघडाच आहे.)

चार महिने पिस्टन ओट्याखाली आणि व्हॉल्व्ह देवघराशेजारी राहिले. पोळ्यांना रॉकेलचा वास येतो, एवढंच माझी बायको शुभदा रोज सांगायची.

अखेर एका रविवारी भर दुपारी इंजिन सुरू झालं! दहा-पंधरा मिनिटं छान गुरगुरलं. मी ऐटीत किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरलो. इंजिन थांबलं नाही.

तीन ठसके. मग दम घ्यावा तशी शांतता. पुन्हा तीन ठसके. सासरे अगदी असेच खोकायचे. आत ड्रायव्हरची रिकामी सीट हलत होती.

"किल्ली काढा ना," शुभदा कुजबुजली.

मी खिशातून किल्ली काढून दाखवली. ती दोन पावलं मागे सरली. मी तिच्याही मागे.

सासूबाई मात्र पायऱ्या उतरून गाडीसमोर उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, पुरे आता. पोरं घाबरलीत."

एक शेवटचा ठसका, आणि गाडी गप्प झाली.

पनवेलचे इस्माईलचाचा वीस वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून आलेले. संध्याकाळी ते आले, आणि त्यांनी इंजिनच्या पाण्याच्या पाइपातून एक लांबलचक काळं काहीतरी ओढून काढलं. धूळ जाऊ नये म्हणून मीच कोंबलेला आणि विसरलेला माझा बनियन.

"पानी फिरलाच नाय," चाचा म्हणाले. "इंजिन इतका तापला, की ठिणगीबिगर पेट्रोल पेटत ऱ्हायला. यात जिन्नबिन्न काय नाय."

वर्षश्राद्धाला आई त्याच गाडीतून गेल्या. चालवायला इस्माईलचाचा, मी मागून रिक्षाने.

पाहुण्यांना मी अजून ही गोष्ट सासूबाईंच्या शब्दापर्यंतच सांगतो. भुतापाशी थांबलं की लोक माझ्याकडे आदराने बघतात. बनियनपर्यंत गेलं की चहासुद्धा हसत हसत पितात.