सातवी रांग

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या गावाबद्दल लिहितोय ते माझं नाही, तो धर्म माझा नाही, आणि ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याच्याबरोबर मी मोजून सात रविवार घालवले. त्याच्यावर लिहायचा माझ्यापेक्षा जास्त हक्क असलेली माणसं त्या गावात घरटी सापडतील. पण ती लिहिणार नाहीत, आणि लिहायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं. चुकलं तर माफ करा.

त्याच्या हातात माडाच्या झावळीच्या दांड्याची काठी असायची. ती जमिनीवर दोनदा टेकवायची, दारावर टकटक करावी तशी, आणि मग तिथे पुरलेल्याचं नाव सांगायचं. हे नाव सांगून झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. मी घाई केली की तो म्हणायचा, "रांगेनं, मास्तर. रांगेनं."

मला मास्तर म्हणणारा जगात तो एकटाच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट आहे. इतिहासाच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिला होता: आपल्या जवळच्या एका जुन्या गावाचा इतिहास लिहा. वर्गातले बहुतेक जण घोडबंदरच्या किल्ल्यावर गेले. मला बसची वाट पाहताना सुचलं की किल्ल्यावर सगळेच लिहिणार. म्हणून मी उत्तनच्या बसमध्ये चढलो आणि समुद्राकडच्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यात उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही.

चर्चच्या फादरांनी मला प्रेमाने बसवलं, सरबत दिलं, आणि दफनाची रजिस्टरं दाखवली. त्यातली मधली दोन, जवळजवळ वीस वर्षांची, छपराच्या गळतीत भिजून लगदा झाली होती. "हे सगळं त्याच्या डोक्यात आहे," असं म्हणून फादरांनी खिडकीतून बोट दाखवलं. खाली एक वाळकुडा म्हातारा घंटेचा दोर मनगटाला गुंडाळून उभा होता.

घंटा वाजवणं, दिवे लावणं आणि थडगी खणणं ही त्याची कामं. गाव त्याला घंटेवालाच म्हणायचं. मी काका म्हणायचो.

"काय लिवायचा तुना?" त्याने विचारलं.

"गावाचा इतिहास, काका."

"मग देवळात कशाला आयलास? गाव तं मागं हाय." असं म्हणून तो मला चर्चच्या मागे दफनभूमीत घेऊन गेला. ते सगळे चर्चला देऊळच म्हणतात.

पुढच्या भागात संगमरवरी थडगी होती, नावं कोरलेली. तिकडे त्याने बघितलंही नाही. "त्यांना मी नको. त्यांचा दगुड बोलतो." मागे गरिबांच्या सात रांगा होत्या. तिथे मातीचे नुसते उंचवटे. लाकडी क्रूस खाऱ्या वाऱ्यात पाच-सहा वर्षं टिकतात, मग मोडतात. एका फादरांनी पत्र्याचे नंबर लावून पाहिले होते, तेही गंजून गेले. त्यामुळे कोण कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, गाव मेणबत्त्या आणि फुलं घेऊन यायचं, आणि तो फाटकाशी उभा राहून एकेकाला जागा दाखवायचा. "तुजी माय चौथ्या रांगंत, त्या करवंदीच्या अलीकडं." दिवसभर हेच. त्याच्या स्वतःच्या माणसासाठी मेणबत्ती लावायला तो सगळे घरी गेल्यावर जायचा, म्हणून ती कुठे लावतो हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

ते माणूस म्हणजे त्याची बायको. हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं. ती तरुणपणी गेली, मूलबाळ नव्हतं. तिचा खड्डा त्याने स्वतः खणला होता. "दुसरा कोन खननार? माजाच तो धंदा." ती शेवटच्या, भिंतीकडच्या रांगेत होती, आणि तिथेच, तिच्याच जागेत, आपल्याला ठेवावं एवढी त्याची इच्छा होती. म्हणूनच तर माझी वही पाहून त्याचे डोळे चमकले होते. "मना आता इसरायला होतं, मास्तर. परवा एकाला त्याच्या सासऱ्याच्या जागी सासू सांगितली. तू लिवून घे. माज्या मागारी वही फादरकडं दे."

एका रविवारी एक रांग, असा आमचा करार झाला. प्रत्येक उंचवट्यापाशी तो नाव सांगायचा, आणि नावाबरोबर काहीतरी चिकटलेलं यायचं. दोन भाऊ जाळं वाळवायच्या जागेवरून उभा जन्म भांडले, त्यांना त्याने मुद्दाम शेजारी ठेवलं होतं. "आता बघ कशे गप हायत. मी रोज येऊन इचारतो, मिटला का?" एका म्हातारीने मरताना बजावलं होतं की सुनेच्या बाजूला मला टाकू नको. "टाकला न्हाय. पन सून मागाहून आयली, आनि जागा तीच रिकामी व्हती. काय करू?"

तिसऱ्या रांगेत त्याने एक गोष्ट सांगितली ती मी तेव्हा हसत लिहून घेतली. एक बोटीवरचा खलाशी सहा वर्षं आईची म्हणून चुकीच्या जागेवर मेणबत्ती लावत होता. "पयल्या वर्षी तो घाईत व्हता, मना इचारलाच न्हाय."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"तो लावतो तिथं एक बाय हाय, तिचा कोन न्हाय. तिला सहा वर्सां मेणबत्ती मिळली. त्याच्या मायला मी लावतो. कोनाचा काय गेला?"

"मग तुमच्या बाबतीतही असंच झालं तर?" मी सहज विचारलं.

त्याने काठी उचलून धरली. "न्हाय. माजा न्हाय. मना तीच जागा पायजे."

त्याने एकदा मला विचारलं, "तुजा आजा कुठं हाय?" आम्ही मूळचे मराठवाड्यातले. आजोबांना गावाबाहेर ओढ्याकाठी पुरलं होतं. पुढे ओढ्याने काठ बदलला, आणि ती जागा आता माझ्या वडिलांनाही सांगता येत नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्या वहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तवाच तुजा अक्षर चांगला हाय." मला यातला संबंध अजून कळलेला नाही. पण त्या दिवशी बसमध्ये माझे डोळे भरून आले होते.

सहावी रांग झाली त्या रविवारी वेळ उरला होता. ऊन कलायचं होतं. मी म्हटलं, "काका, सातवी राहू दे, पण काकूंची जागा आत्ताच दाखवून ठेवा ना."

"रांगेनं."

"एकच तर नाव लिहायचंय."

"तिच्या आदी पोरं हायत, दोन म्हातारे हायत. त्यांना वलांडून मी तिच्याकडं जाऊ? ती काय म्हनंल?" मग माझं तोंड पाहून त्याला वाईट वाटलं असावं. "बरा, पान तयार कर." मी नव्या पानावर ‘सातवी रांग’ असं लिहिलं आणि खाली त्याने सांगितल्याप्रमाणे एक ते अकरा आकडे घातले. ते पान त्याने हातात धरून लांबून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. "पुडच्या आयतवारी भरू," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर गावात कोणीतरी वारलं होतं आणि तो खणत होता. खड्ड्यातून फक्त त्याची टोपी दिसत होती. आतूनच त्याने हात हलवला. हा सातवा रविवार. त्यानंतर मी गेलो नाही.

कारण सांगायला हवं, आणि तेच सांगायला जड जातंय. प्रोजेक्ट द्यायची तारीख आली. सहा रांगा पुरेशा होत्या. मॅडमनी वर्गात माझा प्रोजेक्ट वाचून दाखवला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी खरोखर कॉलेजात शिकतोय. मग परीक्षा, मग अंधेरीला एका कुरिअर कंपनीत तात्पुरती नोकरी, रविवारची सुद्धा. भाड्याची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो. नया नगरच्या पुढे तेव्हा खाजणाची दलदल बुजवून इमारती उठत होत्या. सामान हलवताना ती वही माझ्या हातात आली होती. या महिन्यात जायचंच, असं मी ठरवलं आणि ती पुस्तकांच्या पेटीत ठेवली. असं तुमच्याकडूनही झालं असेल. झालं नसेल तर चांगलंच आहे.

दीड वर्ष गेलं. आमच्या इमारतीत एक कोळीण मासळी घेऊन यायची. एकदा मी सुट्टीवर घरी होतो, दार मी उघडलं. तिने पाटी उतरवली आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"तू वहीवाला ना रं? घंटेवाल्याबरूबर फिरायचास तो?"

"हो मावशी. तुम्ही त्या गावच्या? काका कसे आहेत?"

"पुरला त्याला. ईस्टरच्या आदी."

मी हातातली ताटली तिच्यापुढे ठेवली. ती बांगडे निवडत सांगत राहिली. दोराशीच पडला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. नऊ दिवस काढले. सारखं एक बोट तळहातावर घासायचा. कोणाला वाटलं पाणी मागतोय, कोणाला वाटलं फादरना बोलवा म्हणतोय. "मीच म्हनली, लिवायचा म्हनतो तो. पेन दिला, तं धरवंना. आनि त्याला लिवता कुटं येत व्हता!"

"मग जागा?"

"रांग सगल्यांना ठाव. कंची ती कोनला ठाव न्हाय. फादर म्हनले, त्या वहीवाल्या पोराला हुडका. दोन मानसा भायंदरला गेली तुज्या खोलीवर. तू तं सोडून गेलेला. मग काय करनार? मधली धरली नि ठेवला." तिने मान वर केली. "बराबर पडली ना रं जागा? तुज्या वहीत हाय ना लिवलेला?"

ती पुस्तकांची पेटी माझ्या मागेच, खाटेखाली होती.

"हाय, मावशी," मी म्हणालो. "बरोबर पडली."

तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली. मग पाटीतले दोन बांगडे उचलून माझ्या ताटलीत जास्तीचे टाकले.