जपानी कांबळ्यावरचं लग्न

माझं लग्न ठरलं तवा कळमनुरीच्या बाजारात जपानी कांबळी इतकी स्वस्त झाली होती की लोक बैलाच्या पाठीवर टाकायचे. लालभडक, मऊ, आन् एका पावसाळ्यात चिंध्या. माझा बा घोंगडी विणायचा. मेंढरं आमची, लोकर आमची. मी आन् माय सूत कातायचो, बा मागावर बसायचा. चिंचोक्याची खळ लावून घोंगडं असं कडक करायचा की वरून पाणी ओतलं तरी खाली उतरत न्हवतं. दोन वर्षं झाली, तो बाजारात जायचा आन् नेली तशी सगळी घोंगडी खांद्यावर घेऊन परत यायचा. गावातले मेले मुद्दाम कांबळं पांघरून आमच्या दारावरून जायचे.

"काय काका, हिव वाजून राहिलं का?" असं वर विचारायचे. त्यांच्या जिभा झडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हिंगोलीच्या जिनिंगमधला एक कारकून आमच्या गोरेगावला यायचा, पेपर वाचणारा. त्यानं बाला उलगडून सांगितलं. जपानचं सरकार कारखानदाराला पदरचं देतं, म्हणून तो इथं तोट्यानं विकतो. इथले माग बंद पडले की मग मनाला येईल तो भाव लावणार.

"मग आपलं सरकार आपल्याला काहून देत न्हाई?" बानं विचारलं.

"आपलं सरकार घेतं," कारकून म्हणाला. "पण इंग्रजाची आन् जपानची बोलणी चालू हायेत. बाहेरच्या मालावर जबर जकात बसणार. थोडी कळ काढ."

बानं कळ काढली. एवढा भोळा माणूस मी पुन्हा पाहिला न्हाई. बिरोबापुढं हात जोडून तो इंग्रज आन् जपानी, दोघांनाबी सुबुद्धी मागायचा. माझ्या लग्नासाठी त्यानं काळ्या लोकरीचं, पांढऱ्या काठाचं घोंगडं विणायला घेतलं. आमच्यात नवरानवरीला घोंगड्यावर बसवत, आन् ते नवरीच्या बापानं विणलेलं असलं की मोठा मान. जकात बसली की हे घोंगडं पाहून मांडवातच चार जण मागणी करतील, असं बाला वाटायचं.

जकात बसली. कारकूनच सांगत आला, बानं त्याला गूळ खाऊ घातला. बघता बघता बाजारातली कांबळी दिसेनाशी झाली. उरली ती दुकानदारानं कागदात गुंडाळून फळीवर ठेवली आन् भाव कुठच्या कुठं नेला.

मग सेनगावाकडून माझे होणारे सासू-सासरे आले. बानं घोंगडं पुढ्यात पसरलं. सासूनं ते पायाच्या अंगठ्यानं उलटून पाहिलं.

"असलं तर कुणाच्याबी घरी असतं, इवाई," ती म्हणाली. "आमच्या लेकाला जपानी कांबळ्यावर बसवायचं. आता ते कुणाला परवडत न्हाई म्हणं, म्हणूनच पाहिजे. जमत नसलं तर सांगा, पोरी लई हायेत."

सुपारी फुटली होती. मोडलेल्या पोरीला कोण विचारतं? तरी मी दाराआडून मायला म्हणाले, मोडू दे. मायनं तोंडात दिली.

घोंगडी खपत न्हवती त्या दोन वर्षांत कळप विकून विकून मूठभर राहिला होता. उरली ती सारी मेंढरं कांबळ्यापायी खाटकाकडं गेली. माझ्या हाकेला येणारी मेंढरं. त्याच कांबळ्यावर मी नवरी होऊन बसले. ते जरासुद्धा टोचत न्हवतं, याचाच मला संताप आला.

त्या हिवाळ्यात घोंगड्याला गिऱ्हाईक परत आलं. कारकून बोलला ते खरं झालं. लोक आमच्या दारात येऊन घोंगडं मागायचे, आन् बाजवळ लोकर न्हवती.

पुढच्या दिवाळीला बा माझ्या सासरी आला. मला वाटलं, न्यायला आला. मी लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली. तो आला होता काम मागायला. सासऱ्याच्या मेंढरांना राखणदार पाहिजे होता, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"ठेवून घेते," सासू म्हणाली. "पण गड्याला इवाई म्हणायची आमच्यात रीत न्हाई." मग माझ्याकडं वळली. "त्याची भाकर गोठ्यात नेऊन दे."

मी नेली. सासू माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. बानं मान वर केली न्हाई.

"ठेवा तिथं, मालकीण," तो मला म्हणाला.