कुंकवाने अडकलेल्या बंदुका

इतिहासात ज्या रायफलींचं नाव खराब झालं, त्यांची बाजू घेणारा मी अंधेरीतला एकटाच माणूस असेन. माझ्याही रायफलींचं नाव असंच फुकट खराब झालं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात माझं वर्कशॉप होतं. गोरेगावच्या स्टुडिओंना सिनेमासाठी लागणाऱ्या खोट्या बंदुका मी भाड्याने द्यायचो. सागवानी दस्ता, लोखंडी नळी आणि मागेपुढे सरकणारा बोल्ट. गोळी सुटायची नाही, पण बोल्ट असा खटकन बसायचा की ऐकणाऱ्याने हात वर करावेत. सुताराच्या हाताखाली खिळे सरळ करण्यापासून मी इथवर आलो होतो.

एका युद्धपटाचं काम मिळालं. शूटिंगच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. करवत, रंधा, पटाशी यांच्या रांगेत मी बंदुकाही मांडल्या.

बायको म्हणाली, "अहो, खोट्या बंदुकांना कसली पूजा?"

"पोट त्यांच्यावरच चालतं ना?" मी तेलात कुंकू कालवलं आणि प्रत्येक बोल्टला चोपडलं.

"बोटभर पुरे हो!"

"तू हार घाल."

दुसऱ्या दिवशी खंदकात अख्ख्या पलटणीने बोल्ट ओढले. एकही हलला नाही. एकाने तर बंदूक पायाखाली दाबून बोल्ट ओढला. आपलीच लाल बोटं बघून दोन सैनिक रक्त आलं म्हणून खाली बसले.

सल्ल्यासाठी ठेवलेले एक निवृत्त सुभेदार धावत आले. बंदूक फिरवून बघत म्हणाले, "ही तीच! पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याला दिलेली. नेमबाजीच्या मैदानात एक नंबर, खंदकाच्या चिखलात गेली की बंद. बोल्टला लाथा मारायला लागायच्या."

"सुभेदार, ही अंधेरीत बनलीये. आत कुंकू गेलंय."

"कुठेही बनू दे. गुण तोच."

काम गेलं. सुभेदारांचं बोलणं सगळ्या स्टुडिओंत पसरलं. पुढे जो तो विचारायचा, "चिखलात चालते का?" अहो, सिनेमातली खोटी बंदूक! एका लग्नाच्या सीनवाल्यानेही विचारलं. त्याला मी वर्कशॉपबाहेर काढला.

मग सुभेदारांना गाठून भांडलो. त्यांनी मला व्हिएतनामची गोष्ट ऐकवली. अमेरिकेने तिथे लढणाऱ्या आपल्या सैनिकांना नवी रायफल दिली, पण काडतुसातली दारू बदलली. सफाईचं सामानही धड दिलं नाही. ऐन लढाईत रायफली अडकल्या.

"म्हणजे दोष दारूचा?"

"आणि वरच्या साहेबांचा."

"मग नाव कोणाचं खराब झालं?"

"रायफलीचं."

"बघा!" मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी शांतपणे आपला चहा उचलून घेतला.

काही महिन्यांनी एक विनोदी सिनेमावाला आला. "अडकणाऱ्या बंदुका तुमच्याकडेच मिळतात म्हणे?"

माझं डोकं फिरलं, पण गिऱ्हाईक सोडणं माझ्या रक्तात नाही. मी अट घातली. सुभेदारांनी सगळ्या युनिटसमोर माझी बंदूक तपासायची आणि तिच्यात दोष नाही असं मोठ्याने सांगायचं. तो कबूल झाला.

स्टुडिओत सगळे गोळा झाले. सुभेदारांनी एकेक बोल्ट ओढला. खटक, खटक, खटक. लोण्यासारखा. "झकास!" ते गरजले. "ह्या बंदुकीत काडीचा दोष नाही."

मी छाती काढून चौफेर बघितलं. एवढ्यासाठीच तर मी इतके महिने जळत होतो.

सिनेमावाला म्हणाला, "मग माझ्या काय कामाच्या? टेम्पोत भरा परत."

सगळे माझ्याकडे बघत होते. टेम्पोवाल्याने मागचा फळका खाली पाडला. मी मेकअपवाल्याकडून कुंकू मागवलं, मेसमधून तेल, आणि भर उन्हाळ्यात खंडेनवमी केली.

पहिल्याच टेकला सगळ्या बंदुका अडकल्या. युनिटने टाळ्या वाजवल्या. सुभेदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी ओळखली होती की नाही?"