तिच्या तांडेलाला आम्ही होडीत बसवलं

रेवदंड्याला दर रविवारी दुपारी माझ्या घरी आम्ही तिघं फासे घेऊन बसायचो. खेळ साधा. मी गोष्टीतलं जग सांगायचं, संकट आणायचं; त्यात आपल्या पात्रानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं; ते जमतं की नाही, ते फाशाच्या आकड्यावर. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही, एवढा एकच कडक नियम. खेळणारे दोघं, माझा रिक्षावाला मित्र आणि शेजारची नर्स. तिचं पात्र म्हणजे एक म्हातारा तांडेल. आयुष्यभर होड्या हाकून आता होडीत पायही न ठेवणारा. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

एका रविवारी तिचा फोन आला. "ड्युटीवरून आत्ताच आलेय, झोपते. तुम्ही खेळा. फक्त माझ्या म्हाताऱ्याला होडीत बसवू नका."

"नाही बसवत," मी म्हणालो.

पण गोष्ट खाडीपाशी येऊन अडली. पलीकडे गेल्याशिवाय पुढे सरकेना.

"बसव रे," रिक्षावाला म्हणाला. "तिला कुठं कळतंय?"

मी त्याच्या हातात फासा दिला. आकडा चांगला पडला. "तांडेल उठला," मी सांगू लागलो. "काठावर चपला काढल्या, गुडघाभर पाण्यातून गेला नि होडीत चढला. समुद्राकडे तोंड करून बसला."

सांगताना मध्येच थांबावंसं वाटलं होतं. थांबलो नाही.

थोड्याच वेळात तिची आई दारात आली. "पोर तुमच्याकडं आली का? झोपली व्हती. उठली नि काय न बोलता बाहेर गेली. हाक मारली तर वळून बघितलं न्हाय."

रिक्षा आम्ही सरळ खाडीवर नेली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे, काठावर तिच्या चपला होत्या. ती नांगरलेल्या एका होडीत बसली होती. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, तोंड समुद्राकडे.

मी पाण्यातून जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली. "मी इथं कशी?" मग माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही त्याला बसवलंत ना?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

रिक्षावाला म्हणतो, थकव्यानं झोपेत चालली असेल. असेलही. पुढे तीनेक महिने ती आमच्याकडे फिरकली नाही. मग एका रविवारी आपणहून आली नि तांडेलाची माहिती लिहिलेला कागद मागून घेतला. अजून खेळते. फक्त दर खेपेला आपला डाव सांगून झाला की जरा थांबते आणि विचारते, "हे मीच बोलले ना?"

आम्ही दोघंही लगेच हो म्हणतो.